रंगीत काचांचा पितळी कंदील: वय, सफाई, काचा आणि दिवा

आपला प्रश्न थोडक्यात मांडून मग उत्तराकडे वळतो. आपले आजोबा 1930 च्या आसपास एडनच्या बंदरात नोकरीला होते आणि परत येताना त्यांनी एक टांगता पितळी कंदील आणला. तो अष्टकोनी असून सुमारे दीड फूट उंच आहे, वर जाळीचा घुमट आहे, आठही बाजूंना लाल, निळ्या, हिरव्या आणि पिवळ्या काचा आहेत, मध्यावर अरबी अक्षरांची पट्टी फिरलेली आहे आणि तीन साखळ्यांनी तो एका कडीला लटकतो. दोन काचा फुटल्या आहेत. जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याने तो सहाशे वर्षांपूर्वीचा, मामलुक सुलतानांच्या काळातील असल्याचे सांगितले. तो खरोखर किती जुना आहे, कसा स्वच्छ करावा, फुटक्या काचांचे काय करावे, त्यात विजेचा दिवा बसवता येईल का आणि पुढेमागे तो परदेशातल्या मुलीकडे पाठवता येईल का, असे आपण विचारले आहे.

जुने दिवे, हंड्या आणि झुंबरे दुरुस्त करणे हे माझे काम आहे. आपल्या वर्णनावरून बरेच काही सांगता येते. उरलेले मात्र आपल्याला कंदील खाली उतरवून, त्याचे दार उघडून, आतून पाहावे लागेल. अशा कंदिलाची दर्शनी बाजू गिऱ्हाइकासाठी केलेली असते. कारागिराने काय केले, कोणत्या हत्याराने केले आणि नंतर कोणी काय बिघडवले, हे सगळे आतल्या बाजूला शिल्लक राहते, कारण तिथे पॉलिशचा बोळा पोहोचत नाही.

आधी त्या सहाशे वर्षांबद्दल. मामलुकांनी 1250 ते 1517 या काळात इजिप्त आणि सीरियावर राज्य केले. त्यांच्या मशिदींतले जे दिवे जगभर प्रसिद्ध आहेत ते पितळेचे नसून काचेचे आहेत: फुंकून केलेले, फुगीर पोटाचे, वर उमलत गेलेल्या गळ्याचे, अंगावर मीनाकारी आणि सोन्याचे काम असलेले. पोटाला काचेचेच कान जोडलेले असत आणि त्यांत साखळ्या अडकवून दिवा टांगला जाई. कुराणाच्या 24 व्या सूरेतील 35 वी आयत, जिच्यात ईश्वराच्या प्रकाशाला कोनाड्यात ठेवलेल्या आणि काचेच्या आवरणातल्या दिव्याची उपमा दिली आहे, ती अशा अनेक दिव्यांच्या गळ्याभोवती लिहिलेली आढळते. कैरोत 1356 मध्ये सुलतान हसनने बांधायला घेतलेल्या मशिदीसाठी केलेले असे दिवे तिथल्या इस्लामी कला संग्रहालयात आहेत. जानेवारी 2014 मध्ये त्या संग्रहालयासमोर बॉम्बस्फोट झाला तेव्हा यांसारख्या काही दिव्यांचे तुकडे झाले. दुरुस्तीनंतर 2017 मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले गेले. या दिव्यांचा रंग काचेच्या पृष्ठभागावर भाजून पक्का केलेला असतो, म्हणजे आपल्या कंदिलाचे आणि त्यांचे तंत्रच वेगळे आहे.

धातूचे दिवे त्या काळात नव्हते असे नाही. स्पेनमधल्या ग्रानाडाच्या अलहाम्ब्रा राजवाड्यातील मशिदीसाठी तिथला सुलतान तिसरा मुहम्मद याने 1305 मध्ये करवून घेतलेला जाळीदार कांस्याचा दिवा आज माद्रिदच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. मोरोक्कोत फेझच्या करावियीन मशिदीत अल्मोहाद घराण्याच्या काळातले (बारावे-तेरावे शतक) भव्य झुंबर आहे, शिवाय स्पेनमधल्या ख्रिस्ती राज्यांतून लुटून आणलेल्या चर्चच्या घंटांभोवती कड्या बसवून केलेले दिवेही आहेत. (हा हिशेब दोन्ही बाजूंनी चुकता झाला. 997 मध्ये कोर्दोबाचा मुस्लिम सेनानी अल्-मन्सूर याने सांतियागो या ख्रिस्ती तीर्थाच्या घंटा कोर्दोबाच्या मशिदीत नेल्या आणि तिथे त्यांचे दिवे केले; 1236 मध्ये कोर्दोबा जिंकल्यावर कास्तीलचा ख्रिस्ती राजा तिसरा फर्नांडो याने त्याच घंटा परत पाठवल्या.) पण या सर्व धातूच्या दिव्यांत प्रकाश जाळीतून बाहेर येई किंवा कड्यांवर बसवलेल्या साध्या काचेच्या तेलपात्रांतून पसरे. त्या पात्रांत खाली पाणी, वर तेलाचा थर आणि त्यात वात असे. पाण्यामुळे पात्राचा तळ तापत नसे आणि तेलही मोजकेच लागे. पितळेच्या चौकटीत रंगीत काचेचे सपाट तुकडे बसवलेला, बाजारात 'मशिदीतला कंदील' म्हणून ओळखला जाणारा प्रकार बहुतांशी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचा आहे.

तो तेव्हाच का फोफावला, याची कारणे स्पष्ट आहेत. 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात फिलीप-जोसेफ ब्रोकार या फ्रेंच कारागिराने मामलुक दिव्यांच्या धर्तीवर केलेली मीनाकारीची काच मांडली आणि युरोपात या शैलीची हौस वाढली. 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि प्रवाशांची जहाजे इजिप्तच्या दारात थांबू लागली. 1881 मध्ये अरब वास्तूंच्या जतनासाठी कैरोत सरकारी समिती नेमली गेली; जुन्या मशिदींच्या डागडुजीमुळे मामलुक नक्षी पुन्हा कारागिरांच्या डोळ्यांसमोर आली. कैरो आणि दमास्कसच्या कारखान्यांतून पितळेवर चांदी आणि तांबे ठोकून बसवलेली तबके, तिवया आणि कंदील भराभर बनू लागले. कैरोतल्या खान अल्-खलीलीच्या बाजारात ते विकले जात आणि सुएझ कालव्याच्या तोंडाशी असलेल्या पोर्ट सैदच्या दुकानांतून जहाजांवरच्या प्रवाशांपर्यंत पोहोचत. एडन 1839 पासून 1932 पर्यंत मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होते आणि 1937 मध्ये ते हिंदुस्थानापासून वेगळे करण्यात आले. त्यामुळे मुंबईहून तिकडे कारकून, पोस्टातली माणसे, व्यापारी यांचा राबता होता आणि सुएझकडून येणारा माल तिथल्या दुकानांत सहज मिळे. आपल्या आजोबांनी तो कंदील नवाच घेतला असेल, अशी माझी अटकळ आहे. मी त्याला 1880 ते 1930 या काळातला, कैरो किंवा दमास्कसच्या कामाचा मानेन, अर्थात पुढे सांगितलेल्या खुणा जुळल्या तर. हा निकाल सहाशे वर्षांच्या मानाने फिका वाटला, तरी त्या काळचे चांगले काम हे खरोखर चांगले काम आहे.

विक्रेत्याने बहुधा मधली अक्षरांची पट्टी वाचून किंवा कोणाकडून वाचवून घेऊन तसे सांगितले असावे. त्या पट्टीत 'आमच्या स्वामी सुलतानाला वैभव लाभो' अशा अर्थाची बिरुदे असतात, आणि अनेकदा मामलुक सुलतान कलावूनचा मुलगा अल्-नासिर मुहम्मद याच्यासारख्या सुलतानाचे नावही असते. कैरोतला तांबटांचा जुना भाग, नह्हासीन, कलावूनच्या 1285 मध्ये पुरे झालेल्या संकुलाला अगदी लागून आहे. कारागिराला उतरवून घ्यायला अक्षरे दारातच होती. काही वेळा तर ओळीतली अक्षरे अर्थहीन असतात, केवळ उभ्या दांड्यांचा ठेका साधण्यासाठी भरलेली. नावावरून काळ ठरवणे म्हणजे शिवराईची नक्षी छापलेल्या लॉकेटला शिवकालीन नाणे म्हणण्यासारखे आहे. अक्षरे वाचून घ्या, त्यात आनंद आहे. पण वय त्यावरून ठरवू नका.

आता कंदील उतरवा, टेबलावर जाड पंचा अंथरून त्यावर ठेवा आणि बॅटरी घेऊन आत पाहा.

पहिली गोष्ट पत्र्याची. लोहचुंबक लावून पाहा. तो चिकटला तर पत्रा लोखंडाचा आहे आणि वर पितळेचा मुलामा आहे, म्हणजे पुढची चर्चाच संपली. चिकटला नाही तर पत्र्याची जाडी चार-पाच ठिकाणी कॅलिपरने मोजा. हातोडीने वाढवलेल्या पत्र्यात जाडी जागोजागी बदलते आणि आतून ठोक्यांचे चपटे ठसे तिरप्या उजेडात दिसतात. यंत्राच्या रुळातून काढलेला पत्रा सगळीकडे सारखा असतो. आपला पत्रा सारखाच निघेल, असे मला वाटते. तो एकोणिसाव्या-विसाव्या शतकातील कामाशी सुसंगत आहे आणि चौदाव्या शतकाशी मुळीच नाही.

दुसरी गोष्ट जाळीची, आणि इथे जरा थांबून पाहावे, कारण कारागिराचा हात इथे सर्वांत स्पष्ट दिसतो. जाळी तीन रीतींनी पाडतात. पत्रा राळेवर किंवा शिशाच्या ठोकळ्यावर ठेवून छिन्नीने छेद देत गेले की प्रत्येक छिद्राच्या कडेला आतल्या बाजूने धातू किंचित फुटून वर येतो, आणि तो नंतर कानशीने घासलेला असतो. बोट फिरवले तर ती खरखर लागते. दुसऱ्या रीतीत आधी बारीक भोक पाडून त्यातून केसासारख्या पात्याची करवत घालून नक्षी कापतात. अशा छिद्राच्या भिंतीवर उभ्या बारीक रेघा दिसतात आणि टोकदार कोपऱ्यात सुरुवातीच्या भोकाची गोलाई उरते. तिसरी रीत ठशाची: प्रेसखाली एकाच वेळी सर्व छिद्रे पडतात. ती तंतोतंत एकसारखी असतात आणि त्यांची एक कड गुळगुळीत वळलेली, दुसरी धारदार असते. भिंगातून शेजारशेजारची दहा छिद्रे पाहिली की हातकाम आणि प्रेस यांतला फरक कोणालाही कळतो. हातकामात तारे एकमेकांचे भाऊ असतात, जुळे नसतात.

मग सांधे. चांगल्या कामात पत्र्याच्या पट्ट्या एकमेकींत दात घालून, रिव्हेट मारून किंवा रुप्याच्या झाळीने जोडलेल्या असतात. रुप्याची झाळ सांध्यात बारीक, फिकट पिवळसर रेघ होऊन दिसते. कथील आणि शिशाची झाळ राखाडी, मऊ आणि थोडी सांडल्यासारखी दिसते, नखाने दाबली तरी ओरखडा उठतो. आपल्या कंदिलात दोन्ही असतील तर करडी झाळ बहुधा नंतरच्या दुरुस्तीची. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो 1930 च्या दशकाच्या मध्यानंतरचा आहे, कारण त्याआधी तो प्रचारात नव्हता. मात्र एका स्क्रूवरून सबंध कंदील नवा ठरत नाही.

शेवटी झीज पाहावी. साखळीच्या कड्या जिथे एकमेकींवर टेकतात तिथे त्या आतून खरोखर झिजलेल्या आहेत का, दाराची बिजागरी सैल झाली आहे का, घुमटाच्या आत काजळी आणि मेणाचे थेंब आहेत का. कृत्रिम जुनेपणा देण्यासाठी गंधकाच्या क्षाराचे पाणी फिरवतात. त्याने सगळीकडे सारखाच काळसरपणा येतो, अगदी हात कधीच न लागणाऱ्या कोपऱ्यांत आणि हात नेहमी लागणाऱ्या दाराच्या मुठीवरही. खरे जुनेपण मुठीवर उजळ आणि कोपऱ्यात गडद असते.

ही तपासणी सांगण्याचे कारण असे की, आज 'मोरोक्कन' किंवा 'अरबी' या नावाने मुंबई-पुण्याच्या दुकानांत आणि परदेशातही जे कंदील विकले जातात त्यांतला मोठा वाटा उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादचा असतो. मुरादाबादला पितळकामाची स्वतःची जुनी परंपरा आहे आणि तिथला उत्तम कारागीर कोणापेक्षाही कमी नाही. तक्रार आहे ती खोट्या जन्मदाखल्याची. फेझच्या सेफ्फारीन चौकात, करावियीनच्या ग्रंथालयाला लागूनच, अजूनही तांबे-पितळेचा ठोका ऐकू येतो, आणि मराकेशमध्ये लोहारांच्या बाजारात कंदिलांची दुकाने आहेत. कैरोत रमजानमध्ये मुले घेऊन फिरतात तो फानूस मात्र वेगळा प्रकार आहे: पत्र्याचा, हलका, रंगीत काचांचा, बाब झुवेला या जुन्या वेशीजवळच्या तहत अल्-रब रस्त्यावर बनणारा. 973 मध्ये फातिमी खलिफा अल्-मुइझ्झ कैरोत आला तेव्हा लोक दिवे घेऊन सामोरे गेले आणि तिथून ही प्रथा पडली, अशी कथा सांगतात. कथा म्हणून ती गोड आहे. चीनमधून येणाऱ्या प्लास्टिकच्या, गाणी वाजवणाऱ्या फानूसांनी हा धंदा इतका खाल्ला की 2015 मध्ये इजिप्त सरकारने त्यांच्या आयातीवर बंदी घातली. इस्तंबूलच्या बाजारात दिसणारे, काचेच्या गोळ्यावर रंगीत तुकडे चिकटवलेले दिवे हा आधुनिक शोभेचा प्रकार आहे. उस्मानी मशिदींत साध्या काचेची तेलपात्रे मोठ्या लोखंडी कड्यांवर डोक्याच्या जरा वर टांगलेली असत.

सफाईबद्दल आपण 'चिंच लावू का' असे विचारले आहे. कृपा करून लावू नका. समईला चिंच चालते, कारण समई भरीव असते, दर सणाला घासली जाते आणि लगेच धुऊन कोरडी होते. कंदिलात शेकडो छिद्रे, दुमडी आणि सांधे आहेत. आम्ल तिथे अडकून राहते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू, बहुधा दोन-तृतीयांशाच्या आसपास तांबे. आम्लाने जस्त आधी निघून जाते आणि पृष्ठभागावर तांब्याचे लालसर, सच्छिद्र डाग उरतात. ते पॉलिशने जात नाहीत, कारण तिथले पितळ पितळच राहिलेले नसते. शिवाय काचा चुन्याच्या किंवा प्लॅस्टरच्या लुकणात बसवल्या असतील तर आम्लाने ते लुकण विरघळते. बाजारातल्या घासण्याच्या पावडरीही नकोत. त्यांचा पांढरा गाळ जाळीत बसतो, आणि कोरलेल्या अक्षरांची धार प्रत्येक घासण्यासरशी बोथट होत जाते.

अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रावणही टाळा. त्यामागची हकीकत आपल्याच देशातली आहे. ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसे हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत साठवली की त्यांना आपोआप भेगा पडत. ठोकून किंवा दाबून घडवलेल्या पितळेत ताण साठलेला असतो आणि घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेत त्या ताणावर नेमका घाव घालतो, हे 1921 मध्ये ब्रिटिश धातुतज्ज्ञांनी उलगडून दाखवले. आपला कंदीलही ठोकून आणि वाकवून घडवलेला आहे.

मग करावे काय? मऊ, रुंद ब्रशने कोरडी धूळ काढा. शुद्ध पाण्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब टाकून कापसाच्या काडीने एकेक भाग पुसा, लगेच साध्या पाण्याच्या कापसाने पुसा आणि लगेच कोरडा करा. कंदील पाण्यात बुडवू नका. हिरवा कळंक दिसला तर तो बांबूच्या टोकदार काडीने, कोरडाच, अलगद खरवडून काढा. तोच कळंक फिकट हिरव्या भुकटीच्या रूपात पुन्हापुन्हा उगवत असेल तर ते क्षाराचे काम आहे. समुद्रमार्गे आलेल्या आणि नंतर मुंबई-कोकणच्या हवेत राहिलेल्या वस्तूत ते आढळते. तेवढ्यासाठी धातुजतनाच्या तज्ज्ञाकडे जावे. बाकी कंदिलावर शेवटी संग्रहालयात वापरतात त्या प्रकारचे सूक्ष्मस्फटिकी मेण अगदी पातळ लावून मऊ कापडाने पुसले की पुरे. पितळ सोन्यासारखे चकचकीत दिसणार नाही. ते तसे दिसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे; काळसर पितळेतूनच रंगीत काच उठून दिसते.

फुटक्या काचांकडे येऊ. आधी उरलेल्या काचा कशा आहेत ते पाहा. काचेची कड उघडी दिसत असेल तिथे भिंग लावा. निळी आणि हिरवी काच कडेपर्यंत आरपार रंगीत असेल. निळ्यात कोबाल्ट असते, हिरव्यात तांबे, लोह किंवा क्रोमियम. लाल काचेची कड मात्र पांढरी आणि वर लालसर पातळ थर अशी दिसू शकते. घाबरू नका, ती रंग फासलेली काच नव्हे. तांब्याचा लाल रंग इतका गडद असतो की संपूर्ण काच त्याची केली तर ती काळी दिसते, म्हणून साध्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवण्याची जुनी रीत आहे. खरोखर रंग फासलेला असेल तर कापसावर नखपॉलिश पुसण्याचे द्रावण घेऊन कोपऱ्यात हलकेच टेकवा. रंग कापसावर येईल.

तडकलेली काच चौकटीत घट्ट असेल आणि पडत नसेल तर ती तशीच ठेवा. निखळून पडलेलीच बदला. बदलताना ॲक्रिलिक वापरू नका. त्याचा प्रकाश निर्जीव असतो आणि उष्णतेने ते वाकते. रंगीत काचकाम करणाऱ्यांकडे दोन ते तीन मिलिमीटर जाडीची, किंचित लहरी पृष्ठभागाची काच मिळते. ती चौकटीपेक्षा चारी बाजूंनी सुमारे एक मिलिमीटर लहान कापा. पितळ उष्णतेने काचेच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि थंड होताना तितकेच आकसते. काच घट्ट बसवली तर ती रात्री दिवा मालवल्यावर तडकते. काचा धरून ठेवणारे पत्र्याचे कान एकदा वाकवले आणि एकदा परत बसवले, एवढेच. पितळ वारंवार वाकवले की कडक होऊन तुटते, आणि तुटलेला कान जोडायला झाळ लावली तर उष्णतेने शेजारच्या काचा जातात. कान आधीच तुटला असेल तर झाळण्याऐवजी आतून पितळेची बारीक पट्टी अडकवा. जुने तुकडे फेकू नका. पाकिटात घालून तारीख टाकून ठेवा.

आता दिवा. सर्वांत जास्त नुकसान इथेच होते, आणि ते वस्तूचे कमी, तिच्या परिणामाचे जास्त. लोक कंदिलात मोठा दुधी बल्ब लावतात आणि मग भिंतीवर नक्षी का उमटत नाही म्हणून विचारतात. हिशेब सोपा आहे. जाळी दिव्यापासून 10 सेंटिमीटरवर आणि भिंत दिव्यापासून 2 मीटरवर आहे, असे धरा. प्रकाशाचा स्रोत जितका रुंद, त्याच्या 19 पट रुंदीने छिद्राच्या प्रतिमेची कड पसरते, कारण जाळीपासून भिंत 190 सेंटिमीटर आहे. दुधी बल्ब 6 सेंटिमीटर रुंद असेल तर कडा मीटरभराहून जास्त विरघळतात, म्हणजे नक्षी पार पुसली जाते. वातीची ज्योत सेंटिमीटरभर. तिने मोठी छिद्रे मऊ आणि हलती दिसतात, आणि जुन्या कारागिरांनी छिद्रांचे आकार त्याच मापाने ठरवलेले असतात. 2 मिलिमीटरच्या एका बिंदूतून प्रकाश देणारा एलईडी लावला तर कड चार सेंटिमीटरच्या आतच पसरते आणि तारे स्वच्छ उमटतात. भिंत जवळ असेल तर आणखी रेखीव. म्हणून एकच, लहान, पारदर्शक काचेतला, एका बिंदूचा स्रोत घ्या आणि तो घुमटाच्या आणि काचांच्या मधोमध, उंची वरखाली करून पाहून बसवा. लांब तारांचा 'फिलामेंट' प्रकारचा एलईडी दिसायला छान, पण त्याची तार तीन-चार सेंटिमीटरची असल्याने एका दिशेने नक्षी फिसकटते.

रंगाचेही तसेच. तेलाच्या ज्योतीत लाल-पिवळा प्रकाश भरपूर आणि निळा फार थोडा असतो. म्हणून ज्योतीवर लाल आणि पिवळ्या काचा पेटून उठतात, तर कोबाल्टची निळी काच जवळजवळ काळी, खोल दिसते. थंड पांढरा एलईडी लावला की याच्या उलट होते: निळा भडकतो, लाल मातकट होतो आणि सगळा तोल जातो. 2200 ते 2700 केल्विनचा, रंगदर्शक निर्देशांक (CRI, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचे माप) 90 च्या वर असलेला, दोन ते चार वॅटचा दिवा पुरेसा आहे. कंदील वाचनासाठी नाही. खोलीत उजेड हवा असेल तर दुसरा दिवा लावा. जुन्या पद्धतीच्या 60 किंवा 100 वॅटच्या बल्बचा विचारही नको. कथील-शिशाची झाळ 183 अंशांपासून वितळू लागते. तापलेल्या घुमटात तेवढे तापमान एरवी गाठले जाणार नाही, पण वर्षानुवर्षे तापत-निवत राहिलेला सांधा वजनाखाली हळूहळू सरकतो.

वायर बसवण्यासाठी नवे भोक पाडू नका. वरच्या कडीजवळ धूर जाण्यासाठी ठेवलेली जागा असते, तिथून वायर उतरते. पितळेच्या धारदार कडेने वायरचे वेष्टन कापले जाऊ नये म्हणून रबरी बुशिंग घाला. संपूर्ण अंग धातूचे आहे, म्हणून तीन तारांची वायर घेऊन अर्थिंगची तार चौकटीला पक्की जोडलीच पाहिजे, आणि घरात 30 मिलिॲम्पियरचा गळतीरोधक स्विच असावा. हे काम परवानाधारक विद्युत कारागिराकडून करून घ्या आणि तो पितळेला झाळ लावू लागला तर थांबवा. अर्थिंगची तार आधीच्या एखाद्या भोकातून पितळी नट-बोल्टने जोडता येते. वजन साखळ्यांनी पेलावे, वायर नेहमी थोडी सैल राहावी. छताचा हूक स्लॅबमध्ये अँकरने बसवलेला आणि कंदिलाच्या किमान पाचपट वजन पेलणारा असावा. खोट्या छताच्या प्लॅस्टरबोर्डवर टांगू नका. साखळीची एखादी कडी निम्म्याहून जास्त झिजली असेल तर ती न काढता तिच्या शेजारून पितळी तारेची जोडकडी घाला, म्हणजे जुनी कडी जागेवर राहते आणि भार नवीवर येतो.

परदेशी पाठवण्याबाबत एक कायद्याची बाब आहे. 1972 च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुनी आणि ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. आपला कंदील या सीमारेषेच्या आसपासचा आहे, त्यामुळे सामानात घालून पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञ समितीकडे वस्तू दाखवून, ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र मिळते का ते पाहावे. आजोबांचे जुने पत्र, छायाचित्र किंवा एडनची पावती घरात असेल तर ती सोबत न्यावी. आणि कंदील पाठवण्याची वेळ आलीच, तर काचा काढण्याच्या भानगडीत पडू नका: प्रत्येक काचेच्या आतबाहेर आम्लविरहित कागद लावा, कंदिलाच्या पोटात तसाच कागद चुरगाळून सैलसर भरा, आणि साखळ्या कडीसकट सोडवून वेगळ्या गुंडाळा, कारण प्रवासात काचा फुटतात त्या बहुधा स्वतःच्याच साखळीच्या माराने.